खिळे भंगारात जाण्याआधी

खिशातली कोणतीही नोट काढून तिच्यावरचा क्रमांक पाहा. गांधीजींचे चित्र, मागची-पुढची बारीक नक्षी, गव्हर्नरांचे वचन यांच्या छपाईच्या तऱ्हा वेगवेगळ्या आहेत. क्रमांक मात्र आजही उठावदार आकड्यांना शाई लावून आणि ते कागदावर दाबूनच उमटवला जातो. आपल्या आजोबा-पणजोबांची क्रमिक पुस्तके, पंचांगे आणि लग्नपत्रिका ज्या तत्त्वावर छापल्या गेल्या, तेच हे तत्त्व. खिळेछपाई, म्हणजे धातूची सुटी अक्षरे (खिळे) जुळवून केलेली छपाई, संपली असे आपण म्हणतो, आणि तिचा ठसा रोज हाताळतो. ती नोट नाशिकरोडला छापलेली असण्याचीही बरीच शक्यता असते.

नाशिकरोडचे भारत प्रतिभूती मुद्रणालय १९२५ चे. त्याआधी हिंदुस्थानची टपाल तिकिटे लंडनच्या डी ला रू कंपनीकडून छापून येत. १९२८ पासून इथे नोटाही छापल्या जाऊ लागल्या. तिरंगा आणि 'जय हिंद' ही अक्षरे मिरवणारे स्वतंत्र भारताचे पहिले तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ रोजी निघाले, तेही नाशिकला छापलेले. द्राक्षांचे, घाटांचे आणि सिंहस्थाचे हे शहर गेली शंभर वर्षे देशासाठी छापते आहे. ही छपाई पहाऱ्यातली आहे आणि ती पहाऱ्यातच असायला हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण या पहाऱ्याच्या भिंतीबाहेर नाशकात दुसरी एक छपाई होती. जुन्या गावातल्या गल्ल्यांत पायाने चालवायच्या ट्रेडल मशीनचा ठेका ऐकू यायचा. तिथे हँडबिले, पावतीपुस्तके, नाटकांच्या जाहिराती, शाळांची प्रगतिपुस्तके आणि सत्यनारायणाची निमंत्रणे छापली जायची. ती नागरिकांची छपाई होती. ऑफसेट आणि पाठोपाठ संगणक आल्यावर ती थांबली. यंत्रे लोखंडाच्या भावाने गेली, खिळे शिशाच्या भावाने.

नाशिकला एक सार्वजनिक खिळेछपाईघर हवे, हे मला या लेखात मांडायचे आहे. काचेआड यंत्र ठेवून शेजारी पाटी लावलेले दालन मला अभिप्रेत नाही. शाळकरी मुलगी, निवृत्त शिक्षक, कवी, चित्रकार, कामगार संघटनेचा कार्यकर्ता, कोणीही यावे, चार ओळी जुळवाव्यात, शाई लावावी आणि आपल्या हाताने छापलेला कागद घेऊन घरी जावे, अशी चालती-बोलती जागा हवी. ही मागणी स्मरणरंजनातून आलेली नाही. भाषा, लिपी आणि जाहीर बोलण्याची जबाबदारी या तिन्हींचे शिक्षण तिथे जसे मिळते तसे दुसरीकडे मिळत नाही, अशी माझी खात्री झाली आहे.

ही खात्री हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, धरल्यावर आली. एका जुन्या छापखान्यात, कामातून निवृत्त झालेल्या एका जुळाऱ्याने मला शेजारी उभे करून शिकवले. समोर खणाखणांची तिरकी पेटी, तिला केस म्हणतात. डाव्या हातात स्टिक, उजव्या हाताने खणातून खिळा उचलायचा. खिळ्याच्या अंगावर एक खाच असते. अंगठ्याला ती लागली की खिळा कोणत्या बाजूने धरला आहे ते न पाहता कळते. ओळ डावीकडून उजवीकडेच लागते, पण अक्षरे उलटी आणि डोके खाली केलेली दिसतात. वाचायची सवय असलेल्या डोळ्याला ती आधी वाचता येत नाहीत, निरखावी लागतात. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक आपण कधी पाहिलेलाच नव्हता, हे तेव्हा कळते.

शब्द लागला की मोकळी जागाही लावावी लागते. संगणकावर मोकळी जागा म्हणजे काहीच नसणे. इथे तीही धातूची असते, तिलाही जाडी असते. ओळ ठरलेल्या मापाची भरली नाही तर ती सैल राहते आणि फर्मा, म्हणजे जुळवलेले पान, उचलताना खिळे गळतात. म्हणून शब्दांमधल्या फटी सारख्या करायच्या, बारीक स्पेस घालायच्या, ओळ बोटाने दाबून पाहायची. मग ओळी गॅली या लांबट तबकात रचणे, मग चौकटीत बसवून फर्मा आवळणे, मग प्रूफ. प्रूफात चूक सापडली तर ती चिमट्याने उपसून काढायची. आणि छपाई झाल्यावर काम संपत नाही, एकेक खिळा पुसून त्याच्या त्याच्या खणात परत टाकावा लागतो. आज लावलेला 'मृत्यू' उद्याच्या लग्नपत्रिकेतल्या 'मृणालिनी'ला 'मृ' देतो. भाषेचा साठा मोजका आहे आणि तो सगळ्यांचा आहे, ही जाणीव या एका कृतीत जितकी स्वच्छ होते तितकी ती व्याकरणाच्या पुस्तकातून होत नाही.

पहिला लाभ लिपीचा. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' रायतूरला १६१६ मध्ये छापले गेले तेव्हा भाषा मराठी होती, पण अक्षरे रोमन होती, कारण देवनागरीचे खिळे तयार नव्हते. पुढे दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर मुंबईत मराठीला तिच्या अंगाला बसतील असे खिळे मिळू लागले. अमेरिकन मिशनच्या छापखान्यात थॉमस ग्रॅहॅम यांनी देवनागरी अक्षरे घडवली. त्याच छापखान्यात पोरवयात खिळे घासायचे काम करणाऱ्या जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला आणि त्याच्या अक्षरांनी मराठी-संस्कृत ग्रंथांना अनेक पिढ्या ओळखू येईल असा चेहरा दिला.

हे सोपे नव्हते. रोमन लिपीचा जुळारी मोठ्या आणि लहान अक्षरांच्या दोन केसांसमोर उभा राहून काम करतो. देवनागरीला काना, मात्रा, वेलांटी, उकार, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे धरून शेकडो वेगवेगळे खिळे लागत. स्वरचिन्हे वेगळ्या बारीक खिळ्यांनी अक्षराच्या वर-खाली बसवायची की अक्षरासकट एकाच खिळ्यावर ओतायची, यावर 'डिग्री' आणि 'अखंड' अशा दोन पद्धती झाल्या. लोकमान्य टिळकांसारख्या राजकारणात बुडालेल्या माणसालाही खिळ्यांची संख्या कमी कशी करता येईल या प्रश्नात डोके घालावेसे वाटले. नाशिकजवळच्या भगूरमध्ये जन्मलेल्या सावरकरांनी लिपिशुद्धीची चळवळ केली. 'अि, अी, अु, अू' अशी 'अ'चीच बाराखडी वापरण्याच्या त्यांच्या आग्रहामागे छापखान्यातल्या खिळ्यांची आणि टंकलेखन यंत्राची अडचण होती. ती सुधारणा पटो न पटो, तिचे कारण समजून घ्यायचे असेल तर एकदा केससमोर उभे राहावे लागते.

संगणकाने तो प्रश्न सोडवला. कोणत्याही जोडाक्षराला आता वेगळा खण लागत नाही. ही मोठी मुक्ती आहे आणि तिचे स्वागतच करायला हवे. पण ज्या अडचणीमुळे लिपीचा विचार करणे भाग पडत होते ती अडचण गेली आणि विचारही गेला. १६१६ मध्ये खिळे नव्हते म्हणून मराठी रोमन अक्षरांत छापली गेली. आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये देवनागरी आहे आणि तरीही आपली मुले मराठी निरोप रोमन अक्षरांत पाठवतात. त्यांना दोष देऊन काही होणार नाही. जी लिपी हाताने कधी घडवली नाही, जिचे वजन कधी तोलले नाही, तिच्याविषयी आस्था कुठून यावी? ज्या मुलाने 'ज्ञ'चा खिळा शोधण्यासाठी केसभर बोटे फिरवली आहेत आणि एकमेकांना चिकटून बसलेल्या खिळ्यांमधून शिरोरेघ सलग उमटलेली पाहिली आहे, त्याला ही लिपी कोणीतरी कष्टाने घडवलेली वस्तू आहे हे आयुष्यभर लक्षात राहील.

दुसरा लाभ जबाबदारीचा. १८६७ च्या मुद्रण आणि ग्रंथनोंदणी कायद्याने प्रत्येक छापील कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले. सरकारला छापखान्यांवर नजर ठेवायची होती म्हणून तो कायदा आला, हे खरेच. पण त्यातून एक शिस्तही रुजली: छापलेल्या शब्दाला कोणीतरी नावानिशी उभे असते. या शिस्तीची किंमत नाशिकने मोजली आहे. गणेश दामोदर, म्हणजे बाबाराव सावरकर, यांना १९०९ मध्ये जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली ती कविता प्रसिद्ध केल्याबद्दल. त्याच वर्षी २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरे यांनी गोळ्या झाडल्या, आणि १९१० च्या प्रेस कायद्याने छापखान्यांकडून अनामत रकमा मागण्याचा अधिकार सरकारने घेतला. त्या काळी एक पान छापणे म्हणजे घर, यंत्र आणि स्वातंत्र्य पणाला लावणे होते.

आज एक वाक्य हजारो लोकांपर्यंत पोचवायला बोटाचा एक स्पर्श पुरतो, आणि ते वाक्य कोणाचे हे कोणालाच ठाऊक नसते. अफवा, शिवी, खोटे सुविचार, थोरांच्या नावावर खपवलेली वचने यांचा पूर बोलण्याच्या स्वातंत्र्यामुळे आलेला नाही. बोलण्याची किंमत शून्यावर आली म्हणून तो आला. सरकारी बंधने पुन्हा आणून यावर उपाय होणार नाही, ती नकोतच. उपाय सवयीचा आहे, आणि सवय हाताला लागते. एक ओळ जुळवायला बराच वेळ जातो तेव्हा ती ओळ जुळवण्याजोगी आहे का, हा प्रश्न आपोआप पडतो. विशेषणे गळतात. पाल्हाळ आवरतो. आणि पानाच्या तळाशी स्वतःचे नाव लावायची वेळ येते तेव्हा माणूस पान पुन्हा एकदा वाचतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला अभिव्यक्तीचा धडा आठवीच्या मुलांना या एका दुपारी कळू शकेल.

तिसरा लाभ मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण खिळेछपाईचे पुनरुज्जीवन जगभर जसे होते आहे त्यात तो बऱ्याचदा निसटतो. जाड कापसाच्या कागदावर खोल उमटलेल्या महागड्या निमंत्रणपत्रिका हे तिचे आजचे रूप आहे. ते सुंदर असते, पण महाराष्ट्रात खिळ्यांचा इतिहास तेवढाच नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात तरवडी नावाचे खेडे आहे. मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये सुरू केलेले सत्यशोधक विचारांचे 'दीनमित्र' हे पत्र याच खेड्यातून अनेक दशके चालले. शहरातल्या वृत्तपत्रांना शेतकऱ्याचे दुःख दिसत नव्हते तेव्हा खेड्यातल्या छापखान्याने ते छापले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढले. आपले म्हणणे छापण्यासाठी दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागू नये म्हणून पुढे चळवळीने स्वतःचा छापखाना उभारला. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला आणि त्याच वर्षी चळवळीचे 'जनता' हे पत्र निघू लागले. मंदिराचे दार आणि छापखान्याचे दार हे दोन्ही प्रश्न त्या पिढीने एकाच वेळी हाती घेतले होते. म्हणून सार्वजनिक छपाईघर खऱ्या अर्थाने सार्वजनिक असले पाहिजे. तिथे येण्याचे शुल्क हौशी माणसाला परवडेल असे ठरवून चालणार नाही. सातपूर-अंबडच्या कामगाराच्या मुलीला आणि पेठ-सुरगाण्याहून शिकायला आलेल्या आदिवासी विद्यार्थ्याला परवडेल असेच ते असायला हवे.

आता आक्षेप पाहू, कारण ते खरे आहेत.

पहिला आक्षेप श्रमाचा. जुळाऱ्याचे आयुष्य सुंदर नव्हते. दिवसभर उभे राहणे, कमी उजेडात डोळे फोडणे, बेताचा पगार. पुस्तकावर लेखकाचे नाव येई, प्रकाशकाचे येई, मुद्रक म्हणून छापखान्याच्या मालकाचे येई. ज्याने एकेक अक्षर लावले त्याचे नाव कुठेच नसे. असे श्रम संपले तर त्यांचे गोडवे का गावेत? गाऊ नयेतच. तो धंदा परत यावा असे मी म्हणत नाही. पण धंदा संपला म्हणून त्यातले ज्ञान संपवावे असेही नाही. उलट, जे जुळारी आणि मशीनमन आज हयात आहेत त्यांना मानधन देऊन गुरू म्हणून बसवणे, तिथे छापलेल्या प्रत्येक पानावर जुळाऱ्याचे नाव छापणे, हीच त्या अनाम श्रमांची उशिराने का होईना केलेली भरपाई ठरेल. ही पिढी वयाने थकली आहे. थांबायला वेळ नाही.

दुसरा आक्षेप शिशाचा. खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणाचे असतात आणि शिसे विषारी आहे, विशेषतः लहान मुलांना. यावर डोळेझाक करून चालणार नाही. खरा धोका खिळे वितळवण्यात आणि खणांत साचलेल्या धुळीत असतो. म्हणून ओतकामाची भट्टी तिथे नको; खेळती हवा, ओल्या फडक्याने सफाई, खाण्यापिण्याला मज्जाव आणि काम झाल्यावर साबणाने हात धुणे हे नियम भिंतीवर आणि अंगवळणीही असावेत. लहान मुलांना शिशाऐवजी भित्तिपत्रकांसाठी वापरत ते लाकडी खिळे द्यावेत. संगणकावर रेखाटलेल्या अक्षरांचे पॉलिमरचे ठोकळेही आज करता येतात. त्यामुळे नव्या सुलेखनकारांची अक्षरे जुन्या ट्रेडलवर छापता येतील आणि हे घर जुन्याच साठ्यावर अवलंबून राहणार नाही.

तिसरा आक्षेप उपयोगाचा. यातून रोजगार किती, उत्पन्न किती? याला उत्तर म्हणून मी त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या एका माणसाकडे बोट दाखवीन. धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला हे सर्वांना माहीत आहे. त्याआधी ते मुद्रक होते, ठोकळे बनवत होते, रंगीत छपाईची यंत्रे आणि तंत्र मिळवण्यासाठी जर्मनीला जाऊन आले होते, हे कमी जणांना माहीत असते. प्रतिमा फोडून पुन्हा जुळवायची कशी, रसायन आणि प्रकाश यांना वेठीला कसे धरायचे, हे त्यांचे हात छापखान्यात शिकले होते. भारतीय चित्रपटाचा पाया ज्या हातांनी घातला त्यांच्यावर आधी शाई लागलेली होती. हातांना काय शिकवले म्हणजे पुढे काय निपजेल, याचा हिशेब आधी मांडता येत नाही. शाळेत प्रयोगशाळा आपण याच विश्वासावर चालवतो.

मग हे करायचे कसे? जग यात पुढे आहे. बेल्जियममधल्या अँटवर्पच्या प्लांटिन-मोरेटुस छापखान्याला २००५ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या टू रिव्हर्स या छोट्या गावातले हॅमिल्टन संग्रहालय लाकडी खिळे जपते, आणि तिथे लोक येऊन ते वापरून छापतातही. आपल्याकडे पुणे विद्यार्थी गृहाने मुद्रणाचे शिक्षण दिले आहे. नाशिक जिल्ह्यातच अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचे संग्रहालय आहे. नाण्यावरच्या ठशाचा इतका आदर करणाऱ्या जिल्ह्याने अक्षराच्या ठशालाही एक घर द्यावे, ही अपेक्षा अवाजवी नाही.

जागेसाठी स्वतंत्र इमारत लागत नाही. दोन ट्रेडल, एक प्रूफ काढायचे यंत्र, केसा ठेवायचे दोन-तीन घोडे आणि मजबूत टेबल मावेल एवढी खोली पुरते. ती एखाद्या ग्रंथालयाला लागून असेल तर उत्तम. १८४० पासून चालत आलेले सार्वजनिक वाचनालय ज्या शहरात आहे आणि कुसुमाग्रजांनी ज्या शहरात आयुष्य घालवले, तिथे वाचणे आणि छापणे शेजारी नांदणे स्वाभाविकच होईल. महापालिकेने खोली आणि वीज द्यावी, महाविद्यालयांच्या मराठी आणि कला विभागांनी विद्यार्थी पाठवावेत, उद्योगांनी जुन्या जुळाऱ्यांच्या मानधनाची जबाबदारी घ्यावी. प्रत्येक शाळेने वर्षातून एकदा आपल्या मुलांनी लिहिलेले चार पानी अंक तिथे छापावेत. सिंहस्थासाठी शहरात एवढी मोठी कामे होत आहेत; त्यांच्या तुलनेत हा खर्च नगण्य आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आपण आनंद साजरा केला, आणि तो योग्यच होता. पण ज्या खिळ्यांनी या भाषेचे दीडशे वर्षांचे वाङ्मय घराघरांत पोचवले ते खिळे आजही किलोच्या भावाने विकले जात आहेत. दर्जा सरकार देऊ शकते, जपणूक आपल्यालाच करावी लागते. म्हणून वाचकांना एकच विनंती आहे. तुमच्या घरात, माळ्यावर, बंद पडलेल्या दुकानात छापखान्याचे खिळे, ठोकळे, केसा, एखादी स्टिक जरी असेल, तर ती भंगारवाल्याला देऊ नका. तुमच्या ओळखीत कोणी जुळारी किंवा मशीनमन असेल तर त्याच्याकडून काम समजून घ्या, ते लिहून ठेवा, त्याच्या हातांचे चित्रीकरण करा. आणि आपल्या नगरसेवकाला, ग्रंथालयाच्या अध्यक्षांना, शाळेच्या मुख्याध्यापकांना विचारा: शंभर वर्षे देशासाठी छापणाऱ्या या शहरात नागरिकाला स्वतःचे पान छापता येईल अशी खोली केव्हा उघडणार?